‘सोसायटी नको म्हणतेय’: इंदिरानगरमधल्या एका नकाराचं प्रकरण

नाशिकच्या इंदिरानगरमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके फ्लॅट. भाडं १४ हजार, डिपॉझिट ५० हजार, मेंटेनन्स मालक भरणार. मालक निवृत्त आहेत, कॉलेज रोडला राहतात. फ्लॅट मुलासाठी घेतला होता, पण मुलगा पुण्यात स्थिरावला. घर बघायला आलेलं जोडपं सिडकोतलं. नवरा अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी विभागात, बायको ज्युनियर कॉलेजात शिक्षिका, मुलगी चार वर्षांची. एजंटने घर दाखवलं आणि त्यांना पसंत पडलं. मालकांनाही ही माणसं पसंत पडली. “तुमच्यासारखी नोकरदार फॅमिलीच शोधत होतो,” असं ते स्वतः म्हणाले. त्याच संध्याकाळी ५ हजारांचं टोकन यूपीआयने त्यांच्या खात्यात गेलं.

अ‍ॅग्रीमेंट करायचं म्हणून दोघांनी आधार, पॅन आणि फोटो एजंटला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. एजंटने ते मालकांकडे दिले, मालकांनी सोसायटीच्या चेअरमनकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी मालकांचा फोन आला: मुलगा अचानक नाशिकला परत येतोय, घर लागणार आहे, टोकन परत करतो, राग मानू नका.

नवऱ्याला ते खरं वाटलं. बायकोला वाटलं नाही. तिने एजंटला सरळ विचारलं आणि त्या पोराने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं: “मॅडम, काकांची तयारी होती. चेअरमन म्हणाले, कागद घेण्याआधी आडनाव बघत जा, हे लोक आपल्याकडे नकोत. सोसायटी नको म्हणतेय, त्यात काका काय करणार.” त्याच आठवड्यात नवऱ्याच्या एका सहकाऱ्याने, ज्याचं आडनाव त्या इमारतीत कुणाला खटकलं नसतं, मालकांना फोन लावला. फ्लॅट रिकामा आहे, रविवारी येऊन बघा, असं उत्तर आलं. पुण्याच्या मुलाचा विषयही निघाला नाही.

जोडपं बौद्ध आहे. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणामार्फत प्रकरण माझ्याकडे सल्ल्याला आलं. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कुठल्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे पगारदार घरांना सहसा ठाऊक नसतं. कुणाची ओळख पटेल असं काही इथे लिहिलेलं नाही.

पहिला प्रश्न: नकार दिला कोणी?

अशा प्रकरणात तिघं असतात आणि तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. मालक म्हणतो सोसायटी, सोसायटी म्हणते घर मालकाचं, एजंट म्हणतो मी फक्त मधला. म्हणून सुरुवात इथूनच करावी लागते की भाडेकरू ठेवायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मुळात कोणाला आहे.

सोसायटीला तो नाही. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (बायलॉजप्रमाणे) सभासदाला आपला फ्लॅट भाड्याने देण्यासाठी कमिटीची पूर्वपरवानगी लागत नाही. भाडेकरू येण्याच्या आठ दिवस आधी संस्थेला कळवायचं, कराराची प्रत द्यायची, पोलिसांना माहिती दिल्याचा कागद जोडायचा, एवढंच. सोसायटी ना-वापर शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलची आकारणी, घेऊ शकते. तेसुद्धा २००१च्या शासन निर्णयाप्रमाणे सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि पालिकेचे कर त्यात धरायचे नाहीत. पण नाशिकमध्ये ‘सोसायटीची एनओसी’ हा प्रकार इतका रुळलेला आहे की मालक मंडळी ती कायदेशीर अट समजतात. या मालकांचीही प्रामाणिक समजूत तीच होती. चेअरमननी ‘नको’ म्हटलं म्हणजे विषय संपला, असं त्यांना वाटलं. इथे एक जाता जाता सांगतो: या सोसायटीने भाडेकरूंसाठी स्वतःचा छापील फॉर्म केला होता आणि त्यात ‘मूळ गाव’, ‘धर्म’ आणि ‘आहार’ असे तीन रकाने होते. कुठल्या उपविधीत हे रकाने आहेत, असं विचारल्यावर सेक्रेटरींनी सांगितलं की ते आधीच्या कमिटीपासून आहेत.

चेअरमनच्या बाजूने एक निकाल नेहमी पुढे केला जातो, तो इथेही पुढे केला गेला. सुप्रीम कोर्टाने २००५ साली अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या प्रकरणात सभासदत्व फक्त पारशांना देणारा उपविधी वैध ठरवला. तो निकाल खरा आहे आणि त्याची किंमत आजही अनेकांना मोजावी लागते. पण तिथे संस्था एका समाजासाठी स्थापन झालेली होती, तसा नोंदणीकृत उपविधी होता आणि वाद सभासदत्वाचा होता. इंदिरानगरच्या या सोसायटीत पाच-सहा जातींचे सभासद आहेत, असा कुठलाही उपविधी नाही आणि वाद भाडेकरूचा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम २३ तर पुरेशा कारणाशिवाय पात्र माणसाला सभासदत्व नाकारू नका असंच सांगतं. चेअरमनच्या तोंडी मताला त्या निकालाचा आधार मिळत नाही.

म्हणजे कायद्याच्या नजरेत नकार मालकाचा. चेअरमनचा वाटा वेगळा, त्याकडे पुढे येतो.

मालकाला नकाराचं कारण द्यावं लागतं का?

नाही. आणि इथेच बहुतेक लोक चुकीच्या अपेक्षेने वकिलाकडे येतात. घर भाड्याने देताना जात, धर्म, लिंग, वैवाहिक स्थिती यांवरून भेदभाव करू नका असं सगळ्या खासगी मालकांना सांगणारा एकच कायदा भारतात नाही. संविधानाच्या कलम १५(१)चा मनाई हुकूम राज्यसंस्थेला आहे. १५(२) खासगी माणसांनाही लागू होतं, पण त्यात दुकानं, उपहारगृहं, हॉटेलं, विहिरी, घाट, रस्ते आहेत. राहतं घर नाही. भेदभावविरोधी सर्वसमावेशक कायद्याचं एक खासगी विधेयक २०१७ साली लोकसभेत मांडलं गेलं, ते कायदा झालं नाही. केंद्राने २०२१ साली आणलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातही भेदभावाबद्दल कलम नाही.

अमेरिकेत असा कायदा १९६८ पासून आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात त्यावर सही झाली. तिथेही मालक स्वतः राहत असलेल्या चार बिऱ्हाडांपर्यंतच्या घराला बरीच सूट आहे. पण ही सूट जाहिरातीला नाही: ‘अमुक लोकांनी चौकशी करू नये’ असं छापणं त्या मालकालाही चालत नाही. आपल्याकडे भाड्याच्या जाहिरातीत सर्रास जे लिहिलं जातं त्याकडे या नजरेने एकदा बघावं.

आपल्याकडचं संरक्षण तुकड्यातुकड्यांचं आहे. तुम्ही कोण आहात यावर ते मिळणार की नाही हे ठरतं. एचआयव्ही बाधितांसाठी २०१७चा कायदा आहे, तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९चा. दोन्हींत घर विकत घेणं, भाड्याने घेणं आणि तिथे राहणं याबाबत भेदभाव करायला स्पष्ट मनाई आहे आणि ती खासगी मालकालाही लागू आहे. अनुसूचित जातींसाठी दोन कायदे आहेत, त्यातला जुना जास्त कामाचा.

१९५५चा विस्मरणात गेलेला कायदा

नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५. याचं नाव आधी ‘अस्पृश्यता (अपराध) अधिनियम’ होतं, १९७६ साली बदललं. कलम ४ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणावर निर्योग्यता लादणं, म्हणजे त्याच्या हक्काला आडकाठी करणं, हा गुन्हा आहे आणि त्याच्या आठव्या खंडात कुठल्याही वस्तीत राहतं घर बांधणं, मिळवणं किंवा त्यात राहणं हे स्पष्ट लिहिलं आहे. शिक्षा किमान एक महिना, कमाल सहा महिने कैद आणि १०० ते ५०० रुपये दंड. दंडाचे आकडे हास्यास्पद वाटतात, पण गुन्हा दखलपात्र आहे आणि ‘किमान एक महिना’ हे शब्द निवृत्त माणसाला हसण्यावारी नेता येत नाहीत.

खरी ताकद कलम १२ मध्ये आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत हे कृत्य घडलं, एवढं सिद्ध झालं की ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झालं असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नव्हतं हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर येते. एरवी फौजदारी खटल्यात मनातला हेतू फिर्यादीला शोधून काढावा लागतो. इथे ओझं दुसऱ्या खांद्यावर जातं. आता मालकांच्या त्या फोनकडे बघा. त्यांनी काहीच कारण दिलं नसतं तर गोष्ट वेगळी होती. त्यांनी कारण दिलं आणि ते आठवड्याभरात खोटं ठरलं. गृहीतक खोडून काढायला त्यांच्याकडे जे एकमेव कारण होतं ते सहकाऱ्याच्या फोनने संपवलं.

सल्ला देताना हाच भाग मी त्या दोघांना सर्वांत जास्त वेळ समजावला. मालकाला गप्प राहण्याची मोकळीक आहे. पण कारण सांगायचं ठरवलं तर ते खरं असावं लागतं.

चेअरमनसाठी त्याच कायद्याचं कलम १० आहे: चिथावणी देणाऱ्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. आणि कलम १४ मध्ये संस्थेने केलेल्या गुन्ह्यासाठी तिचा कारभार पाहणाऱ्यांना जबाबदार धरण्याची तरतूद आहे. ‘आम्ही लेखी काही दिलेलं नाही’ हा बचाव इथे फारसा टिकत नाही, कारण चिथावणी लेखीच असावी असं कुठे म्हटलेलं नाही. अडचण पुराव्याची: ते वाक्य एजंटने ऐकलं होतं, जोडप्याने नाही. एजंटचा जबाब नसेल तर चेअरमन सुटतात.

बौद्ध असल्यामुळे एक शंका दोघांच्याही मनात होती: धर्मांतरानंतर हा कायदा लागू होतो का? होतो. १९९० सालच्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात स्थान आहे. फक्त जातीचा दाखला हाताशी हवा, तोंडी सांगून चालत नाही. बायकोचा दाखला माहेरच्या नावाचा होता, नवऱ्याचा मात्र व्यवस्थित होता.

अ‍ॅट्रॉसिटी लावायची का?

नवऱ्याचा आग्रह तोच होता. १९८९चा अत्याचार प्रतिबंध कायदा कडक आहे, त्यात अटकपूर्व जामिनाला कलम १८ ची आडकाठी आहे, आणि लोकांना नाव घेताक्षणी त्याचं वजन कळतं. पण जातिवाचक अपमानाची कलमं ‘लोकांच्या नजरेसमोर’ घडलेल्या प्रसंगाला लागतात. सुप्रीम कोर्टाने २०२०च्या हितेश वर्मा निकालात ही अट पुन्हा ठळक केली. इथे अपमान फोनवर झाला, तोही तिसऱ्या माणसाकडे बोलताना. २०१५च्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा गुन्हा म्हणून आला, त्यात एखाद्याशी व्यवहार करायला किंवा नेहमीच्या अटींवर काही द्यायला नकार हेही येतं. त्याखाली युक्तिवाद करता आला असता. पण एक करार मोडला म्हणजे ‘बहिष्कार’ झाला का, यावर समोरचा वकील दिवसभर बोलला असता. माझं मत सरळ होतं: जे कलम या घटनेला बोटात अंगठी बसावी तसं बसतं तेच लावावं. फिर्याद फुगवली की आधी तिचा पोकळ भाग तपासला जातो आणि भरीव भागही संशयात येतो.

महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरोधातला कायदाही कुणीतरी सुचवला. तो जुलै २०१७ पासून लागू आहे, आणि नाशिक जिल्ह्यातल्या जातपंचायतींच्या प्रकरणांमुळे इथे परिचितही आहे. पण त्याचा रोख समाजाने आपल्याच सदस्यावर टाकलेल्या बहिष्कारावर आहे. परक्या जातीच्या घरमालकाला तो गाठत नाही.

पुरावा कसा ठेवला

बायकोने एजंटचा संदेश येताच स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकला होता. रागाच्या भरात सगळेच असं करतात. पण कोर्टात स्क्रीनशॉटपेक्षा मूळ फोन महत्त्वाचा. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. म्हणून संदेश न खोडता, फोन न बदलता ठेवायला सांगितलं. टोकनची यूपीआय नोंद बँकेच्या विवरणपत्रासह घेतली. सहकाऱ्याने आपल्या फोनची तारीख, वेळ आणि झालेलं बोलणं त्याच आठवड्यात लिहून सही करून दिलं. अशा पडताळणी करणाऱ्यांना अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८२ सालीच दावा लावण्याचाही हक्क दिला. आपल्याकडे तो सहकारी फक्त एक साधा साक्षीदार आहे, पण चांगला साक्षीदार आहे.

एजंटकडून मात्र सही मिळाली नाही. त्याची अर्धी कमाई त्याच रस्त्यावरच्या सोसायट्यांतून होते. त्याला दोष देता येतो, पण त्याच्या जागी उभं राहून बघितलं तर कठीण जातं.

ज्यांच्यासाठी कुठलंच कलम नव्हतं

एजंटशी बोलताना आणखी एक गोष्ट कळली. या जोडप्याच्या आधी एका मुस्लिम कुटुंबाने त्याच फ्लॅटची चौकशी केली होती. नवरा खासगी रुग्णालयात डॉक्टर. त्यांना कुणी मुलाचं कारण दिलं नाही. “मुस्लिम फॅमिलीला देत नाही,” असं फोनवरच सांगितलं आणि त्यांनीही “बरं” म्हणून ठेवून दिला.

एकाच फ्लॅटमधून दोन कुटुंबं परत गेली. पहिल्याला उघड नकार मिळाला, दुसऱ्याला झाकलेला. झाकलेल्या नकारावर खटला उभा राहू शकतो, उघड नकारावर जवळपास काहीच नाही. १९५५चा कायदा अस्पृश्यतेपुरता आहे. डॉक्टरांना जाता येईल असं दिवाणी न्यायाधिकरण नाही, आणि शिवीगाळ किंवा चिथावणी नसल्यामुळे फौजदारी कलमही नाही. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने जानेवारी २०२३च्या कौशल किशोर निकालात बहुमताने म्हटलं की कलम १९ आणि २१ खालचे हक्क खासगी माणसांविरुद्धही बजावता येतात. कायद्याच्या अभ्यासकांसाठी ते मोठं वाक्य आहे. पण १४ हजारांच्या भाड्यासाठी ते वाक्य हातात घेऊन हायकोर्टाची पायरी कोण चढणार?

‘फक्त शाकाहारी’ या अटीचंही तसंच. आहारावरून नकार देण्याला स्पष्ट मनाई नाही, आणि म्हणूनच जात आणि धर्म विचारण्याची ती सगळ्यात सोयीची पद्धत झाली आहे. अविवाहित मुलं-मुली, एकटी बाई, घटस्फोटित, यांना तर नाशिकमध्ये नकार ऐकायची इतकी सवय आहे की त्याला कुणी भेदभाव म्हणतही नाही.

नोटीस आणि नंतर

नोटीस दोघांना गेली, मालकांना आणि संस्थेला. मालकांच्या वकिलांचं उत्तर मालमत्तेच्या हक्काचं होतं: माझं घर, कोणाला द्यायचं ते मी ठरवीन. तत्त्व म्हणून बरोबर, १९५५च्या कायद्यातल्या कलम १२ समोर अपुरं. शिवाय त्यांचा स्वतःचा एक कच्चा दुवा होता. आधीचा भाडेकरू त्यांनी साध्या स्टँप पेपरवर, नोंदणी न करता ठेवला होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करणं ही मालकाची जबाबदारी आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य. भेदभावाच्या प्रकरणाशी याचा थेट संबंध नाही. पण कायद्याचा हात आपल्या घरापर्यंत पोहोचतो हे त्यांना पहिल्यांदा तिथे जाणवलं.

बैठक माझ्या ऑफिसात झाली. मालक खरोखर वरमले होते, चेअरमन नव्हते. चेअरमननी १९३०च्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहापासून आपल्या शाळेतल्या मित्रांपर्यंत सगळं सांगितलं, फक्त त्या दिवशी फोनवर काय बोलले ते सांगितलं नाही. बायको शांतपणे म्हणाली, “काका, १९३० सोडा, मागचा मंगळवार सांगा.” त्यावर सेक्रेटरी तेवढे हसले.

त्या घरात राहायची इच्छा दोघांचीही उरली नव्हती. मुलीला त्या जिन्यात खेळवायचं नाही, एवढंच बायको म्हणाली. म्हणून मागण्या तशा ठरल्या. मालकांनी टोकन आणि कागदपत्रांचा खर्च परत केला आणि आधी दिलेलं कारण खरं नव्हतं असं सही करून लिहून दिलं. सोसायटीने कमिटीच्या बैठकीत ठराव केला की भाडेकरूबाबत फक्त सूचना घेतली जाईल, संमती दिली किंवा नाकारली जाणार नाही. फॉर्ममधले तिन्ही रकाने काढले. ठरावाची प्रत सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे पाठवण्याचा आग्रह आम्ही धरला, कारण पुढची कमिटी जुना फॉर्म पुन्हा छापायला मोकळी राहू नये.

पोलिसांत द्यायची फिर्याद तयार होती. ती द्यावी असं नवऱ्याचं मत होतं, बायकोने थांबवलं. नोटिशीने जे लेखी मिळालं ते खटल्यातून चार-पाच वर्षांनीही मिळेल याची खात्री तिला नव्हती. आणि एकदा गुन्हा नोंदला की असं प्रकरण आपसात मिटवून संपत नाही, त्यासाठी वरच्या न्यायालयात जावं लागतं. मला तिचा निर्णय पटला. नवऱ्याला तो अजूनही पटलेला नाही, आणि त्याचं म्हणणं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही.

फ्लॅट नंतर दुसऱ्या एजंटमार्फत भाड्याने गेला. जाहिरातीत ‘शाकाहारी कुटुंबास प्राधान्य’ असं होतं. जोडप्याने पाथर्डी फाट्याकडे घर घेतलं. तिथल्या मालकीणबाईंनी आधार बघितला, करार ऑनलाइन नोंदवला आणि आडनावाबद्दल एक शब्द विचारला नाही.

सहा महिन्यांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने घेण्याची मुदत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ प्रमाणे एक वर्ष आहे. ती अजून संपलेली नाही. फिर्यादीचा मसुदा, मालकांचं पत्र आणि तो जुना फोन बायकोकडे आहे.